भिंतीवाचून फाटक

रत्नागिरीत बोटीच्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो, त्याच संध्याकाळी माझे घरमालक मला म्हणाले, "चला राजापूर, बाग बघून येऊ."

माझं नाव राजापूर नाही. मी फक्त तिकडचा. पण आमचे घरमालक कुणालाही नावाने हाक मारीत नसत, गावाने मारीत. समोरचा पानवाला 'पावस', टपालाचा शिपाई 'लांजा', आणि लग्नाच्या बायकोला तिच्या माहेरावरून सरळ 'जयगड'. "ओ जयगड, चहा ठेवा!" ही हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, आत कुणी पाहुणे उतरलेत. तीस वर्षं आगबोटीवर सुकाणू धरलेला माणूस. त्याचं म्हणणं, बंदरं तेवढी ध्यानात राहतात, माणसं किती म्हणून ठेवायची! सगळी रत्नागिरी त्यांना सुकाणी म्हणे. मी आबा म्हणत असे, कारण भाडेकरूने घरमालकाला सुकाणी म्हणणं बरं दिसत नाही.

हे चोवीस-पंचवीस सालच्या सुमाराचं. त्या संध्याकाळी आबांनी बंद गळ्याचा कोट चढवला, डोक्यावर काळी टोपी ठेवली आणि ओटीवर बसून पायांत बूट कोंबले. कोंबले हाच शब्द. नाड्यांचे, काळे, विलायती बूट, आणि आबांच्या पायांना चांगली दोन बोटं आखूड. एरवी हा माणूस दिवसभर पंचा नेसून अनवाणी हिंडायचा. बाजार, बंदर, देऊळ, सगळं अनवाणी. बूट फक्त बागेला. टेकडी चढताना ते फेंगडे पाय टाकीत चालले होते. मी विचारलं, "आबा, बूट चावतायत का?"

"बूट हाय, चावणारच," ते म्हणाले. "चला."

वर सडा लागला. सडा म्हणजे टेकडीचा सपाट माथा, मैलभर नुसता जांभा कातळ. पावसाळ्यात त्यावर बोटभर गवत आणि निळी फुलं येतात, नि मे महिन्यात त्याच्यावर पापड भाजून निघेल. त्या उघड्या कातळाच्या मधोमध एक फाटक उभं होतं. दोन सागवानी खांब, दोन झडपा, लोखंडी कडी, वर हिरवा रंग. डावीकडे भिंत नाही, उजवीकडे भिंत नाही. कुंपण म्हणून एक काटकीसुद्धा नाही. खांबाला बोटीवरची पितळी घंटा टांगलेली आणि पाटी: 'सर्व लोकांची बाग'.

मी साहजिकच फाटकाला वळसा घालून पुढे गेलो.

"ओ राजापूर!" मागून हाक आली. "फाटकातनं."

मी मुकाट्याने परत आलो. आबांनी फाटकाशी बसून बूट काढले, जोडीने नीट मांडले, कडी काढली, घंटा वाजवली आणि अनवाणी आत शिरले. मलाही वहाणा काढायला लावल्या. आत पाहतो तर कातळात खोदलेल्या पाच खड्ड्यांत पाच काटक्या, एक बाक, आणि बाकी सगळा कातळच. दिवसभराच्या उन्हाने तो असा तापलेला की मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो. आबा बाकावर ऐटीत टेकले आणि म्हणाले, "कशी वाटली?"

भाड्याची खोली त्याच दिवशी मिळाली होती. मी म्हटलं, "छान आहे."

"खोटा कशाला बोलता? अजून यायची हाय ती. पण येणार."

हा 'येणार' त्यांचा ठेवणीतला शब्द. दुसरा ठेवणीतला बोल असा: "दगडाला पण पाणी सुटता, मग माणसाचा काय!" कातळ पावसाळ्यानंतर महिनाभर पाझरत असतो, ते पाहून त्यांनी हे ठरवून टाकलं होतं. नगरपालिकेच्या लोकांपासून ते माझ्या तापापर्यंत सगळ्यावर हा एकच उतारा. आणि गंमत म्हणजे तो बहुतेक वेळा लागू पडायचा. नगरपालिकेने त्यांना सड्यावरची जागा दिली ती काही बागेवरच्या प्रेमाने नव्हे. चार वर्षं दर सोमवारी हा मनुष्य कचेरीच्या पायरीवर जाऊन बसायचा, एकदाही तक्रार करायचा नाही, नुसता प्रत्येकाला "येणार, येणार" म्हणायचा. शेवटी कंटाळून त्यांनी जागा दिली. नाहीतरी त्या कातळावर कुणी काही पेरणार नव्हतं.

बागेचं हे वेड त्यांना कुठून लागलं ते आठवड्याभरात मला पाठ झालं, कारण रोज रात्री जेवताना तीच कथा असे. बोटीवर असताना आबा अरबस्तानाकडच्या एका बंदरात उतरले होते. "चारी बाजूंनी वाळू. झाड म्हणून औषधाला नाय. प्यायचा पाणी उंटाच्या गाडीतनं येतो, राजापूर! आणि त्या गावात ही एवढी बाग. आपल्या मांडवीपासून किल्ल्यापर्यंत म्हणा ना. नुसती हिरवी. आणि माणसा तरी किती! अरब, हबशी, गुजराती, यहुदी, पोरंबाळं घेऊन सगळी एका जागी. कोण कुणाचा, कुणाला पत्ता नाय. वाळवंटात माणूस बाग करतो, आणि आपण? चार महिने आभाळ फाटल्यागत पाऊस, तरी गावाला बसायला एक झाड नाय!"

मग तपशील येत. कारंज्याचं पाणी वर जाऊन कसं फुटतं. बाकांच्या पाठीवर लोखंडात द्राक्षांचे घोस कसे ओतलेत. वडाचा शेंडा सकाळच्या उन्हात कसा तांब्यासारखा दिसतो. बँड वाजवणाऱ्यांच्या टोप्यांवरचे लाल तुरे. हे सगळं इतकं रंगून सांगत की घास हातात राही. पण मी कारकून मनुष्य, मला खाली सही लागते. मी एकदा विचारलं, "आबा, कारंज्याच्या हौदात मासे होते का?"

आबांचा चेहराच बदलला. "बागेत माणूस मासे बघायला जातो? मासे आपल्या खाडीत काय कमी हायत?"

दुसऱ्यांदा विचारलं, "तिथलं पाणी गोडं होतं का हो?" तेव्हा ते पानावरून उठलेच. काकी, म्हणजे जयगड, मला वाढता वाढता हळूच म्हणाली, "भाऊ, त्यांना सांगू द्या. विचारू नका." मी मनाशी समजून गेलो. कचेरीत तर उघडच बोलत, सुकाण्यांनी बाग बघितली ती झोपेत, सुकाणू हातात असताना. असा वाळवंटात कुठे बगिचा असतो?

बाग खोटी असेल, पण कष्ट खोटे नव्हते. आबा सकाळी पहार घेऊन सड्यावर जात. कातळ फोडून हातभर खड्डा करायला चार-चार दिवस लागत. मग खाली शेतातून टोपल्या भरभरून माती वर आणायची, खड्डा भरायचा, त्यात करंज किंवा उंडी लावायची, आणि डिसेंबरपासून जूनपर्यंत टेकडीखालच्या विहिरीवरून कावडीने पाणी घालायचं. दिवसाला बारा खेपा. पण त्यांचा खरा जीव झाडांत नव्हता, गवतात होता. दोन झाडांच्या मधल्या कातळावर वीतभर मातीचा थर पसरून ते हरळी लावीत, आणि ती उन्हाने करपली की पुन्हा लावीत. मी म्हटलं, "आबा, आधी सावली होऊ दे, गवताचं मग बघू." तर म्हणाले, "सावली डोक्याला. पायांना काय?"

संध्याकाळी मात्र कोट, टोपी, बूट. पाचला घंटा, सातला घंटा. फाटकाशी बूट काढणं कधी चुकलं नाही. त्या चावऱ्या बुटांना काकी दर रविवारी खोबरेल लावी आणि आबांच्या टाचांनाही. तिला मी एकदा म्हटलं, "काकी, फाटकाशी काढायचेच असतात तर घालतात कशाला?" ती हसली. "तुमी शिकलेले. तुमीच सांगा."

मी सांगू शकलो नाही, पण गावाने सांगितलं, आणि इथे आमच्या लोकांची एक मोठी मजेदार चूक झाली. कोकणात प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, जागेवाला. त्याला नारळ दिल्याशिवाय कुणी कुदळ मारत नाही. आता हे बघा: उघड्या कातळावर नुसतं फाटक, त्याला घंटा, आणि एक म्हातारा रोज नेमाने तिथे पायातलं काढून आत जातो. लोकांनी दोन अधिक दोन चार केले. एका सकाळी फाटकाशी नारळ, पान-सुपारी आणि तांबडं फडकं. पुढच्या आठवड्यात एक बाई फाटकापुढे हात जोडून गाऱ्हाणं घालताना सापडली: "बा जागेवाल्या, माजा घोव मुंबैस जाऊन बसलाय, पत्तर नाय, त्याला बुद्धी दे नि घरी आण!"

आबा तिच्यावर कडाडले. "अगे, ही बाग हाय! देव नाय हिथं! तुझ्या घोवाला मी कुठनं आणू?"

बाई घाबरून पळाली. आणि पंधराव्या दिवशी तिचा नवरा पहिल्या बोटीने मांडवीला उतरला. त्याचं तिकीट मीच फाडलं, म्हणून खात्रीने सांगतो. झालं! त्यानंतर नारळांना खंड नाही. आबांनी चिडून पाटीवर खडूने लिहिलं, 'येथे देव नाही'. लोकांनी पाटीलाही हळद-कुंकू वाहिलं. मी हसून हसून बेजार झालो. पण त्यात एक फायदा झाला तो मान्य केला पाहिजे. भिंत नसताना त्या बागेत सात-आठ वर्षं एक ढोर शिरलं नाही, की कुणी एक पान तोडलं नाही. गुराखी लांबूनच हात जोडून गुरं वळवीत. शेवटी आबाही निवळले. "जागेवाला तर जागेवाला," म्हणाले, "राखण करतोय ना, बिनपगारी?"

आणि बाग आली की हो! मी माझ्या डोळ्यांनी तिला येताना पाहिलं. करंजांच्या सावल्या एकमेकींना भिडल्या. उंडीला पांढरी फुलं लागली. हरळी एकदाची रुजली आणि बाकापासून फाटकापर्यंत हिरवी लाट पसरली. संध्याकाळी बंदरावरचे हमाल पाठ टेकायला येत. मासळी विकून परतणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या बाजूला ठेवून गवतावर पाय लांब करून बसत. मास्तर येत, वकील येत, बाळंतिणी येत. सगळ्यांच्या वहाणा फाटकाशी, ज्यांना नव्हत्या त्यांचं कामच सोपं. मीही तिथे रोज जात असे, आणि त्या गवतावर अनवाणी चालण्याचं सुख मला दुसरं कशात मिळालं नाही.

म्हणूनच मी तो उपद्व्याप केला. बाग वाढली तशी माझी काळजी वाढली. जागेवाल्याचा धाक किती दिवस पुरणार? एक वाईट वर्ष आलं, चारा संपला, की गुरं हे सगळं दोन दिवसांत चाटून नेणार. बागेला गडगा हवा, जांभ्या दगडांची चांगली छातीभर भिंत. मी आमच्या कचेरीत येणाऱ्या एका आंबेवाल्या शेटांच्या मागे लागलो. सहा महिने त्यांच्या पेट्या जातीने बोटीवर चढवून दिल्या. शेवटी शेट कबूल झाले. वडिलांच्या नावाने गडगा बांधून देतो म्हणाले. मला केवढा आनंद! फाटक होतंच, आता त्याला भिंत मिळणार. आबांना ही बातमी मी बागेतच द्यायची ठरवली आणि शेटांना घेऊन सड्यावर गेलो.

आबांनी शेटांना बाकावर बसवलं. गडग्याचं ऐकून त्यांचे डोळे भरून आले. "तुमी थोर, शेट," म्हणाले. "येणार म्हटला होता मी. आला."

"फक्त एक आहे, सुकाणी," शेट म्हणाले. "नाव वडलांचं लागणार, तेव्हा बाग जरा इभ्रतीची हवी. हे हमाल नि मासळीवाल्या नकोत. उगाच कुणाची जात काढायला नको, वाईट दिसतं. सोपा नियम करू. अनवाणी माणसाला आत सोडायचं नाही. ज्याच्या पायात काही आहे तो येईल. गर्दी आपोआप गाळली जाईल."

मला नियम आवडला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण वाटलं, आधी भिंत पदरात पाडून घेऊ, नियमाचं मागाहून पाहता येईल. आबा मात्र उठून उभे राहिले. "शेट," ते म्हणाले, "उठा माझ्या बाकावरनं."

"अहो, पण..."

"उठा म्हणतो ना!"

शेट उठले, आणि वहाणा घालायलाही न थांबता त्या हातात घेऊन टेकडी उतरले. आबांनी तेवढ्यावर भागवलं नाही. फाटकाच्या दोन्ही झडपा बिजागरीतून उचकटल्या, एकावर एक डोक्यावर घेतल्या, घंटा काखेत मारली, आणि भर बाजारातून घरी आणून माझ्या खोलीच्या दाराशी उभ्या केल्या. "ह्या घ्या," म्हणाले. "फाटक असला की तुमाला भिंती सुचतात. आता फाटकच नाय."

मी भडकलो. सहा महिन्यांची माझी खटपट! मी त्यांना बरंच बोललो. शेवटी नको ते तोंडून गेलं. "तुमची ती वाळवंटातली बाग आहे ना, ती होतीच कुठे? साधे मासे सांगता येत नाहीत तुम्हाला! कधी पाऊल टाकलंयत त्या बागेत?"

काकी दारात उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. त्या दिवसापासून आमचा अबोला.

आणि माझी भीती खरी ठरली, पण भलत्याच वाटेने. फाटक घरी गेलेलं गावाने पाहिलं, आणि सगळ्यांनी एकच अर्थ काढला: जागेवाला उठून गेला. झालं, राखण संपली! त्या मे महिन्यात गुराख्यांनी बिनधास्त गुरं आत सोडली. आबा दिवसभर काठी घेऊन उभे राहत, पण सत्तरीचा म्हातारा एकीकडून हाकली तर दुसरीकडून म्हशी शिरत. हरळी निम्मी गेली. कोवळ्या उंड्या मोडल्या. आबा संध्याकाळी तरीही कोट-टोपी-बूट घालून जायचे, दोन नुसत्या खांबांशी बूट काढायचे आणि उखडलेल्या मातीवर जाऊन बसायचे. मी ते पाहत होतो, आणि माझा राग जात नव्हता.

त्याच पावसाळ्यानंतर कंपनीने मला एका खेपेपुरतं बदली कारकून म्हणून मोठ्या बोटीवर पाठवलं. बोट कोळसा घ्यायला एका बंदरात दोन दिवस थांबली. चारी बाजूंनी वाळू. उंटांच्या गाड्यांतून पाणी चाललेलं. मी एका गाडीवानाला, विचारायचं म्हणून विचारलं, "इधर कोई बगिचा है?" त्याने हात लांब करून दाखवला.

खरोखर बाग होती! मांडवीपासून किल्ल्यापर्यंत नसेल, पण पुष्कळ मोठी, आणि भोवती डोक्याइतक्या उंचीचे लोखंडी गज. बंदराकडून येणारा रस्ता गजांच्या एका कोपऱ्याशी पोहोचतो. तिथे मी थांबलो. समोर मेंदीचं कुंपण होतं, त्याच्यावरून कारंज्याचं पाणी वर जाऊन फुटताना दिसत होतं. बाकांच्या पाठी माझ्याकडे होत्या, त्यांवर लोखंडी द्राक्षांचे घोस. पलीकडे वडाचा शेंडा. बँड वाजत होता, वाजवणारे दिसत नव्हते, फक्त लाल तुरे हलत होते. आणि कारंज्याचा हौद मेंदीआड गेला होता.

गज धरून मी उभा राहिलो. आबांची सगळी बाग माझ्यासमोर होती. तेवढीच होती. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं असं एक पानही त्या कोपऱ्यातून दिसत नव्हतं.

फाटकावर एक म्हातारा पहारेकरी होता. त्याला हिंदुस्तानी येत होतं. मी विचारलं, पूर्वी बोटीवरच्या खलाशांना आत सोडत का? तो म्हणाला, खलाशांना मनाई नव्हती. मनाई अनवाण्यांना होती. जोडे नसतील तर बाहेर. आता बरीच वर्षं झाली, तो नियम गेला. "पण तेव्हा किती तरी माणसं त्या कोपऱ्यात उभी राहायची," तो म्हणाला. "तासन् तास."

मला रडू आलं. भर रस्त्यात, परमुलखात, रुमाल तोंडाला लावून मी रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही. 'कधी पाऊल टाकलंयत त्या बागेत?' हे मी त्या माणसाला विचारलं होतं. मग मी डोळे पुसले, फाटकाशी बसून बूट काढले, जोडीने मांडले आणि आत गेलो. पहारेकरी म्हणाला, "साहेब, आता बूट चालतात." मी म्हटलं, "ठाऊक आहे." आणि मी ती बाग पार पाहून घेतली, एखादं खातं तपासावं तशी.

रत्नागिरीला उतरलो तो तडक सड्यावर गेलो. पाच वाजले होते. दोन खांबांशी आबांचे बूट मांडलेले होते. मी माझे त्यांच्या शेजारी ठेवले आणि त्या दोन खांबांच्या मधूनच आत जाऊन बाकावर बसलो. आमचा अबोला पाच महिन्यांचा.

"ती बाग पाहिली, आबा," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलंत तशीच आहे. द्राक्षांचे घोससुद्धा."

आबा समोर समुद्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हौदात मासे हायत?"

"आहेत. तांबडे. बोटाएवढे."

"पाणी?"

"मचूळ."

त्यांनी मान हलवली. मग आवाज अगदी खाली आला. इतकी वर्षं मला बाग सांगणारा हा माणूस, आज पहिल्यांदा मला विचारत होता. "आणि गवत कसा होता? पायाला?"

"टोचतं, आबा. खाऱ्या पाण्यावरचं गवत ते, राठ. आपली हरळी कितीतरी मऊ."

"बूट काढलात तुमी?"

"फाटकाशीच काढले. तुमच्यासारखे."

आबांनी माझा हात धरला, आणि सातची वेळ होईपर्यंत सोडला नाही. त्या संध्याकाळी काकीने मला बाकीचं सांगितलं. "त्या दिवशी हाकलल्यावर दुसऱ्या सकाळी कुणा गोऱ्याचे जुने बूट विकत घेतलानी. मिळाले ते घेतलानी, माप कोण बघतो! पळत बागेकडे निघाले, तर बोटीचा भोंगा झाला. परत त्या बंदराला बोट लागलीच नाय. मग डोळे अधू झाले, नोकरी सुटली." तिने ओटीकडे एकदा पाहिलं. "मला हे ठाऊक हाय, हे त्यांना ठाऊक नाय. तापात बोलले होते."

गडगा पुढे झाला, तेही सांगून टाकतो. फाटक मी स्वतः डोक्यावरून वर नेलं आणि बसवलं. जागेवाला परत आल्याची बातमी तासाभरात गावभर झाली, आणि मी ती मुळीच खोडून काढली नाही. नव्या पाटीवर मीच लिहिलं, 'बागेत येताना एक दगड आणावा.' सड्यावर दगडांना काय तोटा! हमालांनी आणले, मासळीवाल्यांनी टोपल्यांतून आणले, वकिलांनीही आणले. दोन वर्षांत मांडीइतका गडगा चहूबाजूंनी उभा राहिला. गुरांना आत येता येत नाही, पण दर वीस पावलांवर दोन्ही अंगांनी दगडाच्या पायऱ्या आहेत, म्हणजे माणसाला कुठूनही येता येतं. ती आबांची अट. बाग अजून आहे.

पण माझ्या मनात राहिलाय तो मी परत आल्याचा दुसरा दिवस. पाच वाजायला आले तसा मी कोट घालून ओटीवर आलो. आबा तयार होते. कोट होता, टोपी होती, पाय उघडे. बूट कोपऱ्यात तसेच पडलेले, आणि काकी त्यांच्याकडे पाहत म्हणत होती, "सुटले बाई पाय एकदाचे!"

"आबा, बूट?" मी विचारलं.

ते माझ्याआधी पायरी उतरून चालायलाही लागले होते. इतकं सरळ पाऊल त्यांचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आता कशाला?" ते म्हणाले. "आत जाऊन आलाव ना आपण."